जुन्या कळपात नव्या कोंबड्या

परसातील कुक्कुटपालनाविषयी बोलताना जातीची, खाद्याची आणि अंड्यांच्या संख्येची चर्चा पुष्कळ होते. वनराजा घ्यावी की गिरिराजा, ग्रामप्रिया वर्षाला किती अंडी देते, कडकनाथला भाव किती येतो, असे प्रश्न आता ग्रामसभेतही विचारले जातात. परंतु नवे पक्षी घरी आल्यावर पहिल्या रात्री ते कोठे झोपले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक त्यांचे पुढे काय होणार, हे पुष्कळ अंशी त्या एका रात्रीत ठरून जाते.

चित्र नेहमीचे आहे. पक्षी घेऊन टेम्पो गावात पोहोचतो तो दुपार टळल्यावर. यादीप्रमाणे नावे पुकारली जातात, सह्या-अंगठे होतात आणि पाटीत किंवा खोक्यात पिले घेऊन बाया घरोघर परततात. घरी जुन्या चार-सहा देशी कोंबड्या असतातच. खुराडे एकच. दिवेलागणीची वेळ झालेली असते, चूल पेटवायची असते. नवी पिले त्याच खुराड्यात सोडून दार लावले जाते. दोन दिवसांत होतील एकमेकांच्या सवयीची, असे घरातील वडीलधारे माणूस म्हणते आणि ते कोणाला खोटे वाटत नाही. सकाळी दार उघडावे तो दोन पिले कोपऱ्यात चेंगरून मेलेली, एकीच्या डोक्याची कातडी सोललेली आणि उरलेली भेदरून दाराकडे तोंड करून उभी. पुढे दहा-पंधरा दिवसांनी जुन्या कोंबड्यांपैकीही एखादी मान टाकते. मग सरकारी कोंबडी टिकत नाही, असा निकाल गाव देऊन टाकते. नोंदवहीत वाटप पूर्ण झालेले असते आणि परसात खुराडे रिकामे झालेले असते.

हे नुकसान कोणाचे, हेही लक्षात घेतले पाहिजे. खेड्यातील घरात धान्याचा, बैलाचा, दुधाचाही हिशेब बहुधा पुरुषाच्या हाती असतो. अंड्याचा पैसा मात्र घरधनिणीचा. मुलाची वही, दळणाचे पैसे, आजारी आईला भेटायला जाण्यासाठी एस.टी.चे भाडे, हे त्या पैशातून निघते. आठ कोंबड्यांतील चार मेल्या तर तालुक्याच्या आकडेवारीत काही फरक पडत नाही. तिच्या हातातील निम्मा पैसा गेलेला असतो.

केंद्र सरकारने २००९-१० पासून राबविलेल्या ग्रामीण परसातील कुक्कुटपालनाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला चार आठवडे वाढविलेले ४५ पक्षी टप्प्याटप्प्याने देण्याची तरतूद होती. यातील टप्प्याटप्प्याने हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसरा टप्पा ज्या दिवशी घरी येतो त्या दिवशी पहिल्या टप्प्यातील पक्षी मोठे झालेले असतात, आणि त्यांच्या जोडीला घरच्या देशी कोंबड्या असतात. म्हणजे नव्या-जुन्यांची गाठ पडणे हा अपघात नव्हे. ते योजनेतच गृहीत धरलेले होते. जे गृहीत धरलेले असते त्याची तयारीही आधीच व्हावयास हवी, आणि नेमकी तीच होत नाही.

आता जुन्या कोंबड्या नव्या कोंबडीला का मारतात, हे पाहू. याचे उत्तर शोधणारा पहिला अभ्यासक नॉर्वे देशातील थोरलीफ श्येल्डेरूप-एब्बे हा होय. लहानपणापासून तो घरच्या कोंबड्यांकडे टक लावून बसे आणि कोणती कोंबडी कोणाला टोचते याची टिपणे ठेवी. त्यातून त्याने मांडलेला निष्कर्ष १९२२ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. कळपातील टोचणे हे मनमानी नसते. त्याला क्रम असतो. पहिली कोंबडी सर्वांना टोचू शकते, दुसरी पहिलीखेरीज बाकीच्यांना, आणि अगदी शेवटची सर्वांचे सोसते. आपल्याकडे मडक्यांची उतरंड असते, तशी ही चोचीची उतरंड म्हणावी. दाण्यावर आधी कोण जाणार, पाण्याला आधी कोण तोंड लावणार, रात्री खुराड्यातील उंच दांडीवर कोण बसणार, हे सर्व या उतरंडीने ठरते. ती एकदा बसली की मारामारी जवळजवळ थांबते. नुसती मान उंचावली तरी खालची कोंबडी बाजूला होते.

ही उतरंड टिकते ती ओळखीवर. कोंबडी आपल्या सोबतिणींना मुख्यतः डोके आणि तुरा पाहून ओळखते. एखाद्या कोंबडीचा तुरा जखमेने वा रोगाने बदलला तर जुन्या सोबतिणीही तिला परकी समजून टोचू लागतात. कळपातील कोंबडी आजारपणात दोन-तीन आठवडे वेगळी ठेवली आणि मग परत सोडली, तर तिलाही आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. मग जिला कोणी कधी पाहिलेच नाही तिची काय कथा! नवी कोंबडी आली की उतरंडीतील प्रत्येकीला तिच्याशी आपले नाते नव्याने ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याचे साधन चोच हेच असते. उघड्या अंगणात ही गोष्ट चार टोचण्यांत आणि थोड्या पळापळीत मिटते, कारण हरणारीला पळायला जागा असते. बंद खुराड्यात ती नसते. हरलेली कोंबडी कोपऱ्यात डोके खुपसून बसते आणि उरलेल्या तिच्या डोक्यावर चोच चालवीत राहतात. तात्पर्य, तेथे मृत्यू घडवितो तो कोंबडीचा दुष्टावा नव्हे, पळायला जागा नसणे हे त्याचे कारण असते.

शिक्षकांच्या दृष्टीने येथे एक सोय आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना आपल्या घरच्या कोंबड्यांची उतरंड आठवडाभर पाहून लिहून आणावयास सांगितले, तर त्याला खर्च काही नाही. दाणे टाकल्यावर पहिली दहा मिनिटे कोण कोणाला हुसकते, एवढेच पाहावयाचे. ज्या घरातील मुलाला आपल्या कळपातील दांडगी कोंबडी कोणती हे ठाऊक आहे, त्या घरी नवी कोंबडी आली की निम्मे काम सोपे होते.

चोचीचा धोका डोळ्यांना दिसतो. दुसरा धोका दिसत नाही आणि तो अधिक मोठा आहे. तो रोगाचा. बाहेरून आलेला पक्षी निरोगी दिसतो, दाणे टिपतो, आरवतोसुद्धा. आणि तरीही त्याच्या अंगात रोग असू शकतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा त्यांतील सर्वांत घातक. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास तो आढळला म्हणून भारतात त्याला ते नाव पडले. जगात अन्यत्र तो न्यूकॅसल या नावाने ओळखला जातो. हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास घेणे, पंख गळणे, पुढे मान वाकडी होणे ही त्याची लक्षणे खेड्यातील बायांना सांगावी लागत नाहीत. मानमोडी हा शब्दच त्यांनी पाहून ठेवलेल्या लक्षणावरून पडला आहे. सांगावे लागते ते एवढेच, की लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस, आणि क्वचित पंधरा दिवसही जातात. बाजारातून आणलेली कोंबडी आज ठणठणीत आहे, याचा अर्थ ती निरोगी आहे असा होत नाही.

जुनाट सर्दीचा प्रकार आणखी फसवा. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, घशात घरघर अशी लक्षणे येऊन गेल्यावर कोंबडी बरी दिसू लागते. परंतु रोगजंतू तिच्यात दीर्घकाळ राहतात आणि ती इतरांना सर्दी देत राहते. उवा, पिसवा आणि जंत हे पाहुणे तर प्रत्येक नव्या कोंबडीबरोबर यावयाचेच, असे धरून चालावे.

येथे एक गोष्ट विसरली जाते. रोग फक्त नव्याकडून जुन्याकडे जातो असे नव्हे, जुन्याकडूनही तो नव्याकडे जातो. खुराड्यातील जुन्या विष्ठेत रक्ती हगवणीचे सूक्ष्म जीव असतात. जुन्या कोंबड्यांच्या अंगात त्यांच्याशी लढण्याची शक्ती आलेली असते. मदर युनिटमधून, म्हणजे पिले वाढवून देणाऱ्या केंद्रातून, आलेल्या चार-पाच आठवड्यांच्या पिलांत ती पुरेशी नसते. अशी पिले ओलसर, न झाडलेल्या खुराड्यात गेली तर आठवड्याभरात रक्तमिश्रित हगवण लागून मरतात, आणि दोष मात्र जातीला दिला जातो.

या दोन्ही धोक्यांवर उपाय एकच, तो म्हणजे थांबणे. नवे पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवावेत. हे वाक्य पुस्तकात सोपे दिसते. ज्या घराला दीड खणाची जागा आणि हातभर परसू आहे, त्या घरी वेगळे म्हणजे कोठे, असा प्रश्न कोणीही रास्तपणे विचारील. याला गावातच निघालेली उत्तरे आहेत. घराच्या पुढच्या बाजूला जुने खुराडे असेल तर मागच्या बाजूला बांबूचे मोठे डालगे पालथे घालावे, त्यावर दगड ठेवावा म्हणजे मांजर-मुंगूस उलथवीत नाही. जुनी बाज उभी-आडवी करून भोवती जाळी बांधली तरी आठ-दहा पिलांची सोय होते. मधील अंतर तीस-चाळीस फूट असले तर उत्तम. तेवढेही नसेल तर ज्या नातलगाकडे वा शेजाऱ्याकडे कोंबड्या नाहीत त्याच्या ओसरीवर तीन आठवडे पक्षी ठेवण्यास तो नाही म्हणत नाही. दोन अंडी द्यावी लागली तरी सौदा स्वस्तच आहे.

अंतर राखले आणि हात राखला नाही, तर अंतराचा उपयोग नाही. रोज आधी जुन्या कोंबड्यांना दाणापाणी द्यावे आणि मग नव्यांकडे जावे, उलट कधीही करू नये. नव्यांचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे. त्यांच्या डालग्याखालची घाण जुन्यांच्या उकिरड्यावर टाकू नये, खड्ड्यात पुरावी. हात साबणाने धुवावेत आणि शक्य तर पायातील चप्पल बदलावी. रोग कोंबडीच्या पायांनी येतो तितकाच माणसाच्या पायांनीही येतो. या दिवसांत नव्या पक्ष्याची विष्ठा, डोळे, नाक आणि पंखांखालची कातडी पाहावी. जंताचे औषध याच काळात द्यावे. तीन आठवड्यांत एखादा पक्षी मेला तर तो कुत्र्याला टाकू नये. चुना घालून खोल पुरावा, आणि एकामागून एक पक्षी मरू लागले तर पुरण्यापूर्वी दवाखान्यात कळवावे.

आठवडे बाजाराविषयी दोन शब्द निराळे सांगितले पाहिजेत. बाजारात दहा गावच्या कोंबड्या पाय बांधून एका टोपल्यात शेजारी शेजारी पडलेल्या असतात. न विकलेली कोंबडी संध्याकाळी परत घरी नेली जाते आणि सरळ खुराड्यात जाते. खरे तर ती आता घरची राहिलेली नसते. बाजारात जाऊन आलेली कोंबडी नवीच समजली पाहिजे. पशुपालकांना ही गोष्ट पटवणे सर्वांत कठीण जाते. आपलीच कोंबडी, तिला वेगळी काय ठेवायची, असे त्यांना वाटते. माहेराहून आलेल्या कोंबडीचेही तसेच. लेक दिवाळीला येऊन परत जाताना आई तिच्या हाती एखादी तलंग देते. ती नाकारता येत नाही, नाकारूही नये. तिला तीन आठवडे डालग्याखाली ठेवल्याने मात्र कोणाचा मान कमी होत नाही.

तीन आठवडे निर्विघ्न पार पडले, की मग भेटीगाठीची वेळ. ती नजरेपासून सुरू करावी. नव्यांचे डालगे किंवा जाळीचा पिंजरा उचलून जुन्या कोंबड्या जेथे दिवसभर चरतात तेथे आणून ठेवावा. जुन्या त्याच्याभोवती फिरतील, माना फुगवतील, जाळीवर चोची मारतील, मारू द्यावे. आतील पक्ष्यांना इजा होत नाही आणि ओळख मात्र होत राहते. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळ जवळ दाणे टाकावेत, म्हणजे एकमेकांच्या समोर खाण्याची सवय लागते. आठवडाभर हे चालू ठेवावे. जुन्यांचे कुतूहल संपले आणि त्या पिंजऱ्याकडे पाठ करून उकिरडा उकरू लागल्या, ही पुढच्या पायरीची खूण.

पुढची पायरी मोकळ्या जागेत घ्यावी, खुराड्यात नव्हे. ऊन उतरल्यावर, खुराड्यात जाण्यापूर्वी तास-दीड तास आधी नवे पक्षी जुन्यांत सोडावेत. त्या वेळी कोंबड्यांचे लक्ष चरण्याकडे असते आणि लवकरच अंधार पडणार असल्यामुळे भांडण लांबत नाही. एकट्या कोंबडीला कधीही सोडू नये. निदान दोन-तीन एकत्र सोडाव्या, म्हणजे मार वाटला जातो आणि हरलेलीला सोबत राहते. दाण्याची आणि पाण्याची भांडी नेहमीपेक्षा एक-दोन जास्त आणि दूर दूर ठेवावीत. दांडगी कोंबडी एका वेळी एकाच भांड्याची राखण करू शकते. कडब्याची पेंढी, तिरका टेकवलेला पाट, काट्याकुट्यांचा ढीग असे आडोसे अंगणात ठेवले तर पळणारीला लपता येते. कोबीचा गड्डा किंवा मेथीची जुडी दोरीने टांगून ठेवली तर चोचींना दुसरे काम मिळते.

रात्रीची युक्ती जुनी आहे आणि ती चांगली आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. कोंबडीला अंधारात फार कमी दिसते. म्हणून अंधार पडल्यावर नव्या कोंबड्या हळूच उचलून खुराड्यातील दांडीवर जुन्यांच्या शेजारी बसवल्या तर त्या रात्री भांडण होत नाही. पुष्कळ घरी एवढेच करतात आणि काम झाले असे समजून झोपी जातात. काम सकाळी असते. उजाडताच कोंबड्यांना दिसू लागते आणि दार बंद असेल तर आत तोच प्रकार सुरू होतो. ज्या घरी ही युक्ती करावयाची तेथे पहिले चार-पाच दिवस फटफटताच खुराड्याचे दार उघडले गेले पाहिजे. उशिरा उठणाऱ्याने ती करू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

खुराड्यातील जागाही आधी मोजावी. रात्रीपुरत्या निवाऱ्याला एका मोठ्या पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट जागा आणि दांडीवर सात-आठ इंच लागते. सहा कोंबड्यांच्या खुराड्यात आणखी दहा कोंबल्या तर कोणतीही युक्ती चालणार नाही. आणखी एक दांडी, तीही शक्य तर त्याच उंचीवर, बसवली तर भांडणाचे एक मोठे कारण जाते. दांडीच्या उंचीवरून कोंबड्यांत जेवढा तंटा होतो तेवढा दाण्यावरूनही होत नसावा.

वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मदर युनिटमधील चार आठवड्यांच्या पिलाने मोठी कोंबडी कधी पाहिलेली नसते. ते दिव्याच्या उबेत, आईविना, आपल्याच वयाच्या पिलांत वाढलेले असते. घार, कावळा, बोका यांतले त्याला काही ठाऊक नसते. अशा पिलाला तीन आठवड्यांनी म्हणजे सातव्या आठवड्यात जुन्यांत सोडणे घाईचे होईल. रोगाच्या दृष्टीने मुदत संपलेली असली तरी अंगाच्या दृष्टीने ती संपलेली नसते. पक्षी देशी कोंबडीच्या वजनाजवळ येईपर्यंत, म्हणजे वनराजासारख्या जातीत साधारण दहा-बारा आठवड्यांचा होईपर्यंत, जाळीआडची ओळख चालू ठेवावी आणि दिवसा जुन्या कोंबड्या दूर चरावयास गेल्या की नव्यांना अंगणात मोकळे सोडावे. मोठ्या अंगाची तलंग लहानशा देशी कोंबडीसमोर पळताना पाहून पुष्कळांना नवल वाटते. घर कोणाचे आहे हे वजनावरून ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पिले असलेली देशी कोंबडी तर परक्या पिलाला क्षमा करीत नाही. ती पिलांसह हिंडत असेल त्या दिवसांत नव्यांना तिच्या वाटेत येऊ देऊ नये. याउलट खुडूक बसलेल्या कोंबडीखाली रात्री एक-दोन दिवसांची पिले सरकवली तर ती त्यांना बहुधा आपलीच मानते. ही रीत घरोघर माहीत आहे. मात्र ती अगदी नुकत्या जन्मलेल्या पिलांपुरतीच खरी; चार आठवड्यांच्या पिलावर तिचा प्रयोग करून काहींनी पिले गमावली आहेत.

खाद्याविषयी एक इशारा पुरे. अंड्यावरील कोंबडीच्या तयार खाद्यात चुन्याचे प्रमाण वाढत्या पिलांच्या खाद्याच्या तिप्पट-चौपट असते, आणि ते लहान वयात सतत पोटात गेले तर मूत्रपिंडांना अपाय होतो. कळप एकत्र झाल्यावर सर्वांना वाढीचे खाद्य किंवा घरचा भरडा द्यावा आणि शिंपल्याची पूड वेगळ्या वाडग्यात ठेवावी. ज्या कोंबडीला अंड्याच्या कवचासाठी हवी ती आपण होऊन खाते.

इतके करूनही रक्त निघणार नाही असे नाही. थोडी टोचाटोच, दोन-चार पिसे उडणे, एकीने दुसरीचा पाठलाग करणे यात माणसाने पडू नये. पडल्यास ठरत आलेली उतरंड मोडते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून होते. रक्त दिसले की मात्र एक क्षण थांबू नये. लाल रंग दिसला की सर्व कळप त्याच जागी टोचू लागतो. जखमी पक्षी वेगळा काढून जखम धुवावी, हळद आणि खोबरेल तेल लावावे. दवाखान्यातील जांभळे औषध मिळाल्यास अधिक चांगले, कारण त्याने जखमेचा लाल रंग झाकला जातो. आणि एकच कोंबडी दिवसभर एकीच्या मागे लागली असेल, तर बहुतेक जण मार खाणारीला उचलतात. उचलावयाची ती मारणारी. तिला तीन-चार दिवस दृष्टिआड ठेवले की मागे उरलेल्यांची घडी बसते, आणि परत आल्यावर तिचा तोरा पुष्कळ उतरलेला असतो. कोंबड्यांची गोष्ट वेगळी आणि कोंबड्याची वेगळी. आठ-दहा माद्यांत एक नर पुरे. नव्या खेपेतील जास्तीचे नर वेळेवर विकून टाकावेत. दोन दांडगे नर एका अंगणात ठेवून शांतता मागणे व्यर्थ आहे.

आतापर्यंतचे सर्व एका घराने करावयाचे झाले. लसीकरण मात्र एका घराने होत नाही, आणि येथेच पंचायतीचे काम सुरू होते. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात तिची पुनरावृत्ती करतात आणि आठव्या आठवड्यानंतर पंखाखाली टोचतात. तिचा गुण यावयास सुमारे दोन आठवडे लागतात. लसीची कुपी शंभर, दोनशे किंवा त्याहून अधिक मात्रांची येते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या धनिणीने ती आणावी कशी? वाडीतील वीस घरे एका सकाळी, कोंबड्या खुराड्यातून सुटण्यापूर्वी, एकत्र तयार असतील तरच कुपी कारणी लागते. ही वेळ ठरवणे, दवंडी देणे, बर्फाच्या डब्याची सोय पाहणे हे काम ग्रामपंचायतीला अवघड नाही.

यात तारखांचा मेळ सर्वांत महत्त्वाचा. वाटपाचा दिवस लाभार्थींना आदल्या संध्याकाळी कळतो, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते आणि ती खोटी नसते. तोच दिवस तीन आठवडे आधी कळला तर गावातील जुन्या कोंबड्यांना लस देता येते, जंताचे औषध देता येते, डालगे विणून घेता येते, खुराडे झाडून त्यात चुना मारता येतो. वाटप सकाळी झाले तर प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांना पाणी पाजून दिवसाउजेडी वेगळ्या जागी बसवता येते. पक्ष्यांबरोबर त्यांना कोणती लस कधी दिली याचा कागद दिला गेला पाहिजे आणि तो घरात चुलीपाशी खोचून न ठेवता ग्रामपंचायतीच्या नोंदीतही उतरवला पाहिजे. या कशालाही वेगळा निधी लागत नाही. लागते ते एक टपाल वेळेवर पाठवणे.

रोगाची बातमी दडवण्याची प्रवृत्ती खेड्यात आहे, हे मान्य केले पाहिजे. कोंबड्या मरू लागल्या की उरलेल्या झटपट बाजारात नेऊन विकल्या जातात, आणि त्याच दुसऱ्या गावी नव्या कोंबड्या म्हणून पोहोचतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक नोंदला गेला, तेव्हा मोठ्या पोल्ट्रींबरोबर आसपासच्या परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तोच रोग पुन्हा आढळला. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अशा रोगाचा संशय येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस कळवावयाचे असते आणि तेथून ती खबर जवळच्या पशुवैद्यकापर्यंत जावयाची असते. अनुसूचीत बर्ड फ्लूप्रमाणेच मानमोडीचाही समावेश आहे. ज्या सदस्याच्या वॉर्डात दोन दिवसांत चार घरच्या कोंबड्या मेल्या, त्याने ती खबर दाबून ठेवण्यात कोणाचेही भले होत नाही. त्या दिवसांत गावात नवा पक्षी आणू नये आणि गावातील पक्षी बाहेर नेऊ नये.

नवे पक्षी कळपात आल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस जुन्या कोंबड्यांची अंडी कमी होतात. हे पाहून काही घरी घाबरून नव्या कोंबड्या विकून टाकतात. तसे करण्याचे कारण नाही. उतरंड बसली की अंडी पुन्हा पूर्ववत सुरू होतात. उतरंड बसली हे ओळखावयाचे झाल्यास संध्याकाळी खुराड्यापाशी थोडा वेळ उभे राहावे. आत जाताना दारात धक्काबुक्की नाही, नव्या-जुन्या एकाच दांडीवर अंग टेकून बसल्या आहेत, आणि खालच्या टोकाला बसलेली तलंगही पंखात मान घालून डोळे मिटते आहे, असे दिसले म्हणजे डालगे उचलून माळ्यावर ठेवावयास हरकत नाही. पुढची खेप येईल तेव्हा ते पुन्हा लागेल.